डायरेक्टर सकाळीच भेटतात

नाशिक शहर संपून मखमलाबाद रस्त्याच्या आतल्या अंगाला जे मळे लागतात, तिथे 'डायरेक्टर' म्हटलं की एकच माणूस डोळ्यांपुढे यायचा. तो म्हणजे फूल-भाजी सहकारी सोसायटीचा संचालक रावजी. त्याचं आडनाव लोक कधीच विसरून गेले होते. डायरेक्टर आले, डायरेक्टर गेले, डायरेक्टरांना विचारल्याशिवाय नाही, असंच बोलणं चालायचं. त्याच्या बायकोला शेजारपाजारच्या बाया डायरेक्टरीण म्हणायच्या आणि तीही सुखाने ओ द्यायची. अशा मुलखात रूपाली विधातेने २००२ सालच्या मे महिन्यात बापाला जे सांगितलं, त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. पण ऐकणारा माणूस याच मळ्यातला आहे, एवढं ती विसरली.

तिचा बाप गोटीराम पाठीवर पंप घेऊन झेंडूवर औषध मारत होता. तोंडाला उपरणं, डोळे लालभडक. रूपाली बांधावर जाऊन उभी राहिली. सांगायचं वाक्य तिने आठवडाभर घोकलं होतं.

"दादा, माझी पुण्याची लेखी परीक्षा पास झाली. सोमवारी मुलाखतीला बोलावलंय. मला डायरेक्टर व्हायचंय."

पंपाचा दांडा थांबला. गोटीरामने उपरणं खाली ओढलं.

"काय व्हायचंय?"

"डायरेक्टर."

"अन् पुण्याला त्याचं शिकवत्यात?"

"हो. तीन वर्षं."

आता बाप पंप खाली आपटेल, आईला, म्हणजे कलाबाईला, हाक मारेल, कॉलेजात घातल्याचा पश्चात्ताप बोलून दाखवेल, अशी तिची तयारी होती. पण गोटीराम हसला. नुसता हसला नाही, नव्या नवरदेवासारखा लाजला. "जा पोरी. शिक. लय दिवस वाट पाहिली याची," म्हणाला आणि उपरणं परत तोंडावर ओढून कामाला लागला. त्याचे डोळे औषधाने चुरचुरत होते की आणखी कशाने, ते तिला कळलं नाही. ती जवळजवळ पळतच घराकडे गेली. हुशार पोरगी, पण एवढा आनंद बापाला कशाचा झाला, हे विचारायचं तिला सुचलं नाही. आनंदाची चौकशी कोण करतो?

गोटीरामला कशाचा आनंद झाला ते कळायला त्याची वीस वर्षं बघावी लागतील. तो रावजीच्या पॅनेलचा माणूस होता. म्हणजे निवडणूक आली की खळ बनवायची, पत्रकं चिकटवायची, म्हाताऱ्या मतदारांना हाताला धरून आणायचं, आणि निकालाच्या दिवशी गुलाल दुसऱ्याच्या डोक्यावर टाकायचा. दर वेळी रावजी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचा, "गोटीराम, पुढच्या टायमाला तुझंच नाव." त्या पुढच्या टायमाच्या भरवशावर गोटीरामचे केस पिकले. रूपालीला अठरा पूर्ण झाली तसा त्याने तिच्या नावाचा सोसायटीचा शेअर घेऊन ठेवला. का, तर आपलं नाही जमलं तरी पुढे बायकांची राखीव जागा येते. हे त्याने कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. कलाबाईलासुद्धा नाही.

आणि इकडे रूपालीच्या डोक्यात सिनेमा शिरला होता, तोही उलट्या बाजूने. ती लहान असताना गणपतीत मळ्यात पडद्यावर सिनेमा दाखवायचे. दोन बांबूंना पांढरा पडदा बांधायचा. पुढच्या बाजूला बापे बसायचे, मागच्या बाजूला बायका आणि पोरी. मागून चित्र दिसायचं पण उलटं. हिरो डाव्या हाताने जेवायचा, डाव्या हाताने मारामारी करायचा आणि पाटीवरची अक्षरं कुणालाच वाचता यायची नाहीत. बायांना त्याचं काही नव्हतं. रूपाली मात्र एका वर्षी उठली आणि अंधारात चाचपडत पुढच्या बाजूला गेली. तिथे तोच हिरो उजव्या हाताने जेवत होता. कुणीतरी तिला दंडाला धरून परत मागे आणून बसवलं. पण तेवढ्यात तिला कळायचं ते कळलं होतं. कोण कुठे बसलाय त्यावर काय दिसतं ते ठरतं, आणि कोणी कुठे बसायचं हे कुणीतरी आधीच ठरवून ठेवलेलं असतं.

कॉलेजात गेल्यावर तिथल्या एका सरांनी चालवलेल्या फिल्म सोसायटीत ती दर रविवारी जायला लागली. तिथे तिला तिची माणसं भेटली. एक जपानी होता, ज्याचा कॅमेरा उभ्या माणसाच्या उंचीवर कधी नसायचाच, खाली चटईवर बसलेल्या माणसाच्या उंचीवर असायचा. ते पाहून रूपाली चमकली. ही उंची तिच्या घरातली होती. ओट्यावर मांडी घालून गजरे ओवणाऱ्या तिच्या आईला जग असंच दिसायचं. आलेल्या माणसाचे आधी पाय, मग हातातली पिशवी, तोंड सगळ्यात शेवटी. एक इराणी होता, जो एखाद्या पोराला साध्या कामासाठी घराबाहेर काढायचा आणि ते काम होईल की नाही यात बघणाऱ्याचा जीव टांगून ठेवायचा. एक बंगाली होता, ज्याच्या सिनेमात माणसं बोलायची थांबली की जास्त कळायचं. यांची नावं तिला नीट उच्चारता येत नव्हती. पण घरी येताना सायकलवर ती त्यांच्याशी मनातल्या मनात भांडायची. अमुक ठिकाणी कॅमेरा का हलवलास, तमक्या बाईला रडू का दिलं नाहीस, असं.

घरी ती काही लपवत नव्हती. "सोसायटीत जाऊन येते," म्हणायची. "सोसायटीत आज जपानी डायरेक्टर होता," म्हणायची. त्यावर गोटीराम विचारायचा, "जपानचा? मग गुलाबाचं काही विचारलंस का त्याला?" बापाचा स्वभाव थट्टेखोर, तेव्हा थट्टाच असणार, असं समजून ती हसायची. ती हसते म्हणून तोही हसायचा. एकाच घरात, एकाच ताटाशी, दोघं दोन वेगवेगळ्या सोसायट्यांबद्दल तीन वर्षं बोलत होती आणि दोघांनाही एकमेकांचा अभिमान वाटत होता.

त्या सरांनी एका रविवारी उजेडाबद्दल सांगितलं होतं. माणसाला उजेडाकडे पाठ करून बसवला तर त्याचं तोंड दिसत नाही. मग बघणारा ते तोंड स्वतःच्या भीतीने भरून काढतो, आणि तो माणूस असतो त्यापेक्षा मोठा वाटायला लागतो. बाकीची मुलं वहीत लिहून घेत होती. रूपालीला रावजीची बैठकीची खोली आठवली.

ती लहानपणी बापाबरोबर त्या खोलीत कितीदा तरी गेली होती. रावजीची खुर्ची पूर्वेच्या खिडकीला पाठ करून. समोर एक लाकडी बाक. येईल त्याने बाकावर बसायचं, म्हणजे सकाळचं ऊन नेमकं त्याच्या डोळ्यांत. समोर नुसती काळी आकृती, आणि तिच्यातून येणारा आवाज. डायरेक्टर सकाळीच भेटतात, दुपारनंतर नाही, हा नियम सगळ्या मळ्याला पाठ होता. कामाचा माणूस, सकाळीच मोकळा असतो, असं लोक समजायचे. रूपालीला त्या रविवारी खरं कारण कळलं. तिने घरी येऊन ते सांगितलं नाही. सांगून कोणाला पटलं असतं?

असो. तर फवारणी आटोपून गोटीराम संध्याकाळी फुलांच्या वजनकाट्यावर गेला. तिथे चार माणसं होती आणि त्याला दम धरवेना. "आमची रूपाली डायरेक्टर व्हायचं म्हणती," त्याने सांगून टाकलं. "पुण्याला ट्रेनिंगला चालली. सोमवारी." सोसायटीची निवडणूक तोंडावर आली होती. अर्ज भरायला आठवडाही उरला नव्हता. रावजी स्वतः एकदा पुण्याला सहकाराच्या ट्रेनिंगला जाऊन आला होता, त्यामुळे कुणाला शंका यायचं कारणच नव्हतं. काट्यावरचे दोघे हसले, दोघे गप्प झाले. गप्प झालेल्यांत झुंबर होता. झुंबर सोसायटीचा टेम्पो चालवायचा आणि काट्यावरचं बोलणं रावजीच्या ओट्यापर्यंत पोचवायचा. दोन्ही कामांत तो कधी उशीर करत नसे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टेम्पो विधात्यांच्या बांधावर थांबला नाही. हॉर्न वाजला, वेगही कमी झाला, आणि टेम्पो पुढे निघून गेला. मोगऱ्याच्या पाट्या आणि झेंडूचे क्रेट बांधावर तसेच. हा माल रातोरात दादरला पोचला नाही तर त्याची माती होते. गोटीरामला वाटलं, झुंबर विसरला. त्याच्या पुढच्या दिवशीही टेम्पो थांबला नाही, तेव्हा विसरण्याचा प्रश्न उरला नाही. कलाबाई लाल पडत चाललेला मोगरा निवडत बसली. जेवढा वाचला त्याचे गजरे करून ती सराफ बाजारातल्या फूलबाजारात घेऊन गेली. बाकीचा मोगरा गाईपुढे टाकला. गाईने तोंड फिरवलं.

"डायरेक्टरांना माझा राग आलेला दिसतोय," गोटीराम ओट्यावर बसून म्हणाला. आवाजात भीती होती, पण खाली कुठेतरी मजाही होती. आपला राग यावा एवढे आपण मोठे झालो, याची. "येऊ दे. रूपाली, तू नको घाबरू. तू सोमवारी पुण्याला जाऊन ये, आल्यावर अर्ज भरू. राखीव जागा तुझीच."

रूपाली भाकरी मोडत होती. तिचा हात थांबला.

"कोणती राखीव जागा?"

"अगं, सोसायटीची. डायरेक्टरची."

तिने आईकडे पाहिलं. आईने तिच्याकडे पाहिलं. कलाबाई तोपर्यंत काही बोलली नव्हती, पण ती मूर्ख नव्हती. पोरीच्या चेहऱ्यावरून तिला सगळं समजलं. ती मुकाट्याने उठून चुलीशी गेली.

तीन वर्षांचं हसणं, जपानचा गुलाब, बांधावरचं लाजणं, सगळं रूपालीच्या डोळ्यांपुढून उलटं सरकत गेलं, पडद्यामागून बघितल्यासारखं. आता काय करायचं? खरं सांगितलं तर बाप कोसळणार. गावभर सांगून बसलाय. डायरेक्टर नाही, सिनेमावाली, असं कळलं की काट्यावर महिनाभर दुसरा विषय निघायचा नाही. आणि मग पुण्याला जायचं नावसुद्धा काढता येणार नाही. पण खरं सांगितलं नाही तर? नुसतं गप्प बसलं, सोमवारपर्यंत, तर बाप स्वतः हौसेने एसटीत बसवून देईल. मुलाखत होऊन जाईल. पुढचं पुढे. तिला स्वतःचीच लाज वाटली, पण ती गप्प बसली.

चुलीशी भांडी विसळताना आई हळूच म्हणाली, "सांगून टाक त्यांना."

"सोमवारनंतर सांगते."

"सोमवारनंतर सांगशील तर ते खोटं होईल. आत्ता नुसती चूक हाय."

तरी रूपाली शनिवारभर गप्पच राहिली. बाप दिसला की गोठ्यात जायची, आई दिसली की मळ्यात. तिसऱ्याही दिवशी टेम्पो निघून गेला. आपल्या एका शब्दापायी आईची फुलं सडतायत, हे तिला दिसत होतं, आणि तरी तोंड उघडत नव्हतं, कारण तोंड उघडलं की पुणं गेलं.

शनिवारी दुपारीच, माल भरायच्या आधी, झुंबर येऊन गेला होता, टेम्पो न घेता. ओट्यावर पाय न ठेवता त्याने निरोप सांगितला. "उद्या सकाळी डायरेक्टरांनी बोलावलंय. दोघांना." मग रूपालीकडे बघून, जरा खाजगीत सांगितल्यासारखं म्हणाला, "ताई, अर्ज नका भरू. मला तुमचा माल सोडून जायला बरं वाटतं का?" त्याला बरं वाटत नव्हतं हे खरंच होतं. पण तो सोडून जात होता हेही खरं होतं.

रविवारी सकाळी गोटीरामने ठेवणीतला सदरा घातला. त्याच्या एम-एटी गाडीच्या मागे रूपाली बसली. कालव्याच्या पुलाशी आल्यावर ती म्हणाली, "दादा, गाडी थांबवा."

त्याने थांबवली. तिने सांगितलं. सोसायटी म्हणजे सिनेमा दाखवणारी सोसायटी. डायरेक्टर म्हणजे सिनेमाचा डायरेक्टर. पुणं म्हणजे सिनेमाचं पुणं. वाक्यं तुटक येत होती आणि एकदा सुरू झाल्यावर थांबत नव्हती. शेवटी तिने हेही सांगितलं की परवा जेवताना तिला कळलं होतं आणि तरी ती बोलली नव्हती.

गोटीराम गाडीवरच बसून होता. कालव्याच्या पाण्याकडे बघत होता.

"त्यात नाचायचं असतं?" त्याने विचारलं.

"नाही दादा. सांगायचं असतं. कोणी कुठं उभं राहायचं, कोणी कुठं बसायचं, उजेड कुठून यायचा."

"अन् जपानचा तो?"

"त्याला मी भेटले नाही. त्याचा सिनेमा पाहिला."

गोटीरामने मान हलवली. तो रागावला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. तो रागावला नाही. सदऱ्याची इस्त्री एकाएकी मोडावी तसा तो आत मोडला. "मी साऱ्या मळ्यात सांगून बसलो गं," एवढंच म्हणाला. मग त्याने किक मारली. रूपालीला वाटलं तो गाडी वळवेल. त्याने वळवली नाही. बोलावणं आलं की जायचं, वीस वर्षांची सवय होती ती.

रावजीची खोली तशीच होती. पूर्वेची खिडकी, खिडकीत खुर्ची, खुर्चीत काळी आकृती. बापलेक बाकावर बसले आणि ऊन त्यांच्या तोंडावर आलं. गोटीरामने कपाळावर हात धरला आणि लगेच खाली घेतला, कारण डायरेक्टरांसमोर तसा हात धरणं बरं दिसत नाही. औषधाने लाल झालेले त्याचे डोळे पाझरायला लागले. तो रडतोय असंच कुणालाही वाटलं असतं. आकृतीलाही तसंच वाटलं असावं, कारण आवाज मऊ झाला.

"गोटीराम, तू माझा माणूस. मला न विचारता पोरीचं नाव काट्यावर काढतो?"

"चूक झाली, डायरेक्टरसाहेब."

"होती चूक. आपल्याच माणसाची होती. टेम्पोचं मी झुंबरला सांगतो, तो काळजीचा विषय नाय." आकृती जरा पुढे झुकली. "पोरगी शिकलेली हाय. असं घरात ठेवली की डोक्यात काहीबाही येतं. घोटीला माझ्या साडूचा भाचा हाय, भाताची गिरणी हाय घरची. मी शब्द टाकलाय. उद्या सोमवारी पाहुणे येतील तुझ्याकडं. पोहे कर, पोरगी दाखव. अर्जाचं आपोआप मिटलं. काय?"

सोमवार. रूपालीच्या कानांत नुसता तो एक शब्द वाजत राहिला. तिने बापाकडे पाहिलं. बापाला आता किती सोपं होतं सगळं. अहो डायरेक्टरसाहेब, पोरगी कुठली उभी राहतीय, तिला सिनेमाचं खूळ लागलंय, असं म्हणून हसायचं. रावजीही हसला असता. मळ्याचं हसू एका पोह्याच्या ताटाखाली झाकलं गेलं असतं आणि गोटीरामचं नाक वाचलं असतं. त्याचे ओठ हलले. मान होकाराकडे झुकायला लागली. रूपालीला ती मान दिसत होती, तिची मागची शीर दिसत होती, आणि आपलं सगळं आयुष्य त्या शिरेवर येऊन अडकलंय हेही दिसत होतं.

बोलून उपयोग नव्हता. त्या बाकावरून बोललेलं समोरच्या आकृतीपर्यंत पोचतच नसे, हे तिने लहानपणापासून पाहिलं होतं. ती उठली.

"दादांच्या डोळ्यांत औषध गेलंय. ऊन सोसत नाही त्यांना," ती म्हणाली, आणि खुर्चीच्या मागे जाऊन तिने खिडकीची दोन्ही दारं ओढून घेतली. खोलीत अंधार झाला. "अगं ए," रावजी म्हणाला, पण तोपर्यंत ती बाजूच्या दाराशी पोचली होती. ते दार बंदच असायचं. तिने कडी काढली आणि दार सताड उघडलं. बाहेरच्या अंगणातला पांढरा उजेड आत आला आणि रावजीच्या तोंडावर पडला.

रावजीने डोळे मिचकावले. त्या खोलीत त्याच्यावर असा उजेड कधी पडला नसावा. तीन दिवसांची पांढरी दाढी, डोळ्यांखाली फुगलेल्या पिशव्या, वरच्या ओठावर घाम. हाताची बोटं खुर्चीच्या दांड्याला घट्ट धरून. एका म्हाताऱ्या माणसाचं साधं घाबरलेलं तोंड होतं ते. विधात्यांच्या भावकीची मतं फुटली तर आपलं काय होईल, हे त्या तोंडावर सरळ लिहिलेलं होतं. घोटीची गिरणी, टेम्पो, पाहुणे, हा सगळा खटाटोप त्या एका भीतीपायी होता.

गोटीराम बघत राहिला. डोळे पुसून परत बघितलं. वीस वर्षं तो या माणसासमोर बसला होता आणि आज त्याने त्याला पहिल्यांदा पाहिलं. रूपाली दाराशीच उभी होती, दार सोडत नव्हती. गोटीरामची नजर तिच्याकडे गेली, तिथून बंद खिडकीकडे, तिथून परत रावजीच्या तोंडाकडे. पुलावर पोरगी काय म्हणाली होती ते त्याला आठवलं असणार. कोणी कुठं बसायचं, उजेड कुठून यायचा.

"पाहुण्यांना नका बोलवू," तो म्हणाला. "उद्या आमी घरी नाय. रूपालीला पुण्याला घेऊन चाललो."

"कशाला?" रावजीचा आवाज चिरका निघाला. अंधारातून येताना तो कधी चिरका वाटला नव्हता.

"डायरेक्टर व्हायला."

"अन् इथं? राखीव जागेवर?"

"तिथं ती नाय उभी राहणार." गोटीराम उठला. सदरा खाली ओढून सरळ केला. "इथं मी उभा राहतो. राखीव नाय, साध्या जागेवर."

दोघं दारातून बाहेर पडली. एम-एटी दोन-तीन किका मारूनही सुरू होईना आणि दोघांनी ती कालव्याच्या पुलापर्यंत ढकलत नेली. पुलावर गाडी सुरू झाली.

पुण्याच्या मुलाखतीत टेबलामागे तिघं होते. टेबलाच्या मागे खिडकी होती का, हे रूपालीने आत शिरताच पाहिलं. नव्हती. त्यांनी घराबद्दल विचारलं, तिने मळ्याबद्दल सांगितलं. मग मधल्या बाईंनी विचारलं, कोणत्या दिग्दर्शकांचा तुझ्यावर प्रभाव आहे? तिने जपान्याचं सांगितलं, इराण्याचं सांगितलं, बंगाल्याचं सांगितलं. नावं चुकली, त्यांनी दुरुस्त केली. "आणखी कोणी?" त्या बाईंनी विचारलं. तेव्हा तिने आणखी एकाचं नाव घेतलं आणि त्याच्या खोलीबद्दल बोलत राहिली, ते वेळ संपल्याचं कुणीतरी सांगेपर्यंत.

गोटीराम बाहेर झाडाखाली बसला होता, मांडीवर भाकरीचं फडकं.

"काय विचारलं?"

"कोणत्या डायरेक्टरकडून शिकलीस म्हणून."

"मग कोणाचं सांगितलंस?"

"आपल्या रावजींचं."

गोटीरामने फडक्याची गाठ सोडली, परत बांधली. मग जरा रुसल्यासारखा म्हणाला, "माझं नाव नाय सांगितलं?"

"तुम्ही अजून निवडून कुठं आलात, दादा?"

हसता हसता त्याला ठसका लागला. तिने पाण्याची बाटली दिली.

दोघांचेही निकाल पावसाच्या तोंडाशी लागले. तिची निवड झाली, तो पडला. फार नाही, थोडक्यात पडला, आणि निकालाच्या दिवशी रावजीच्या डोक्यावर गुलाल टाकायला या वेळी दुसरंच कुणीतरी होतं. टेम्पो पुन्हा विधात्यांच्या बांधावर थांबायला लागला. रावजीने तसं सांगितलं होतं, का झुंबर आपल्या मनानेच थांबत होता, ते कुणी विचारलं नाही. रूपाली पुण्याला गेली त्या दिवशी गोटीरामने काट्यावर पेढे वाटले. पडलेल्या माणसाने पेढे कसले वाटायचे, म्हणून लोक हसायला लागले. त्याने एकेकाच्या हातावर पेढा ठेवला आणि प्रत्येकाला एकच सांगितलं.

"आमच्या घरात आता डायरेक्टर हाय."

झुंबरनेही पेढा घेतला. मग त्याने क्रेट टेम्पोत चढवायला सुरुवात केली, कारण माल दादरला वेळेत पोचायला हवा होता.